पाऊण तोळा

सिमेंटचा ट्रक घेऊन मी वर पोचलो तेव्हा
चिंबोरासो ढगात होता आणि माझं डोकं ठणकत होतं.
मी ग्वायाकिलचा, समुद्राकाठचा माणूस;
इथे बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते.
इंजिन बंद केलं नाही.
या थंडीत एकदा बंद केलं की ते दुपारपर्यंत रुसतं.

रस्त्याखालच्या मोरीपाशी निकानोर पिलामुंगा
गाळ उपसायचं सोडून नुसता वाकून बघत होता.
त्याची पोर एर्लिंडा पुढे झाली, आत हात घातला,
खरबरीत भिंतीवरून काहीतरी सोडवून आणलं.
किंदे.
चोच वर, डोळे मिटलेले, पिसं फुगवून चेंडू झालेला,
नखं अजून वाकडीच, भिंत धरल्यासारखी.

मेलाय, मी म्हणालो.
नाही, ती म्हणाली. रात्री हे विझवून ठेवतात स्वतःला,
निखाऱ्यावर राख ओढावी तसे.

काल मी याला पाहिलं होतं, बहुतेक यालाच:
डोकं वांग्याच्या सालीसारखं जांभळं,
ऊन फिरलं की निळं, ऊन गेलं की नुसतं काळं,
गळ्याखाली काजळाची रेघ, पोट पांढरं.
चुकिराग्वाच्या काट्यांत चक्क बसून पीत होता.
आमच्याकडचे हवेत लटकून पितात, मिजाशीत;
इथली हवा तेवढी उधारी देत नाही.
दुसरा एक नर आला, तर हा अंगावर धावून गेला
एका नारिंगी फुलासाठी,
जणू सगळ्या उताराचा सातबारा याच्याच नावावर.

एर्लिंडाने मूठ मिटली, तोंडाशी नेऊन आत श्वास सोडला.
जीव मुठीत धरतात तो घाबरलेली माणसं, स्वतःचा.
हिने दुसऱ्याचा धरला होता.
पाऊण तोळा.

पाच मिनिटं. दहा.
ट्रक खोकत होता. वरच्या अंगाला पाणी साचत चाललेलं.
निकानोरने फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली,
पोरीला घाई कर म्हणाला नाही.
मग तिने माझा हात ओढला आणि मूठ माझ्या तळव्यावर ठेवली:
भिंतीपलीकडे कुणी शिवणयंत्र चालवावं,
तसं काहीतरी.

मूठ उघडली तरी तो लगेच गेला नाही.
एक डोळा उघडला,
तळहातावर पाण्याचा एक ठिपका केला,
आणि नव्हता.

निकानोर मोरीत शिरला.
मी पोती उतरवायला लागलो, पन्नास-पन्नास किलोची,
आणि दर पोत्यामागे थांबत राहिलो,
धाप लागली म्हणून.