बंद करायच्या आधी एक मिनिट

गाडी आणली त्या दिवशी शेजारच्या भरमू अण्णांनी
बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि एकच विचारलं, किती देते?
त्यांच्याकडं आलेल्या पाव्हण्यानं तेच कानडीत:
एष्ट कोडतैति री?
मी दोघांना दोन आकडे सांगितले.
खोटा एकही नव्हता.

एक गावातला. दहा पॉइंट दोन.
तिसऱ्या गेटला मालगाडीचे डबे मोजत,
गोवावेसला दुसऱ्या गियरच्या वर न जाता.
दुसरा हायवेचा. अठरा पॉइंट सहा,
काटा ऐंशीवर, एसी दोनवर,
आणि तू शेजारी झोपलेली.

उद्यमबागेत वीस वर्षं मी ओतीव माल तपासतो.
टर्बोची घरं येतात टेबलावर,
गोगलगाईच्या शंखासारखी, वाळू नुकती झडलेली.
हातोडीनं वाजवायचं.
खणखणलं तर पास,
बद्द वाजलं तर आत कुठंतरी पोकळ.
माझ्या शिक्क्यावर किती गाड्या पळाल्या असतील कोण जाणे,
मी मात्र बसलो चाळिशी उलटल्यावर,
दुसऱ्यानं बत्तीस हजार पळवलेल्या गाडीत.

बसू मेस्त्री म्हणतो, त्या शंखात पातं फिरतं
मिनिटाला लाखाच्या वर,
आणि तेही इंजिनानं टाकून दिलेल्या धुरावर.
पाय दाबला की लगेच काही होत नाही.
एक. दीड.
मग कुणीतरी मागून हात लावतं.
तू म्हणालीस, तुमच्यासारखीच की हो,
सोमवारी विचारलेल्याचं उत्तर गुरुवारी.

सोमवारी पहाटे काकती, वंटमुरी, हत्तरगीचा टोल,
संकेश्वर, तवंदी, निपाणी. तुझी बँक, तुझी भाड्याची खोली.
शनिवारी तेच उलटं.
परतताना टाकी निपाणीतच फुल्ल करायची.
रांगेत पुढं सगळ्या पलीकडच्या पाट्या,
त्यात एकदा कागलचे मामा सापडले,
सीमेसाठी लाठी खाल्लेले.
पेट्रोल इकडं स्वस्त आहे, म्हणाले,
आणि काच वर केली.

बसूनं बजावलंय,
हायवेवरून आलात की लगेच किल्ली फिरवायची नाही.
आत तो तापून लाल असतो.
एक मिनिट चालू ठेवा, तेल फिरू दे, निवू दे.

म्हणून शनिवारी रात्री दारात गाडी लागते,
दिवे बंद, इंजिन बारीक गुरगुरत,
आणि तू पट्टा सोडत नाहीस.
पंचाहत्तर किलोमीटरमध्ये न निघालेलं
त्या मिनिटात निघतं.
नवा मॅनेजर चिडका आहे.
आईचा रिपोर्ट बरा आला.
आणि मागच्या शनिवारी, समोर बघत,
मला ती खोली आवडायला लागलीय.

मी किल्ली फिरवली.
मिनिट झालं होतं की नव्हतं, आठवत नाही.

रविवार धुण्यात, मटणात, भरमू अण्णांच्या गप्पांत गेला.
सोमवारी संकेश्वरच्या अलीकडं
उसाच्या दोन ट्रॉल्या डगमगत पुढं.
मी पाय दाबला. एक. दीड.
गाडी सुटली, आणि तिच्याबरोबर माझं तोंड:
मी कधी वर आलोच नाही तुझ्या खोलीवर.
आज येऊ?
तू ट्रॉल्या पूर्ण मागं पडेपर्यंत
आरशात बघत राहिलीस.
या की, म्हणालीस.

माझी एक जुनी एलआयसीची डायरी आहे.
तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटी शेरा.
शेऱ्यात बहुतेक 'टायरमध्ये हवा कमी'
किंवा 'घाटात ट्रक उलटा, चौदा पॉइंट एक'.
त्या सोमवारचं असं आहे:
जिना अरुंद. चौदा पायऱ्या.
खिडकीतून तंबाखूच्या वखारीचा वास.
एकच कप, म्हणून मी बशीतून प्यालो.
कामावर पोचायला अकरा.

आकडा लिहायचा राहिला.