कुलवृत्तांत, पान एकशे बारा

पुण्याहून पोरगा आला. नळीत थुंका म्हणाला,
त्याआधी अर्धा तास तोंडात काही नको.
बाबांनी तो अर्धा तास सोवळ्यात काढला
आणि मग संकल्प सोडावा तशी लाळ सोडली.

पलीकडच्या आळीतल्या इब्राहिमचाचांनीही दिली.
त्यांचा मूळ पुरुष बसऱ्याच्या गलबतातून उतरलेला,
आमचा लाटांनीच पुळणीवर आणून टाकलेला.
आधी कोण, यावर दोघं हर्णैच्या धक्क्यावर
चाळीस वर्षं भांडतायत.

पावसाळा सरल्यावर कागद आले.
दोघांच्या नावापुढे तीच अक्षरं, तोच आकडा:
बापाकडून मुलाकडे, जशीच्या तशी,
नकलताना एखादा काना सुटावा
एवढाच काय तो फरक.

खाली नकाशा. त्यातला बाण समुद्रातून आलाच नव्हता.
गवतातून निघालेला, घोड्यांच्या वाफेतून,
आमूदर्या ओलांडून दक्षिणेला.
वाटेत कुठेतरी भाऊ वेगळे झाले,
एकाचं सप्त राहिलं, दुसऱ्याचं हप्त झालं.
तोच हप्ता चाचा दर महिन्याला
होडीच्या कर्जापोटी बँकेत भरतात.

मुरुडच्या वाळूत पर्यटकांसाठी एक घोडं असतं, मरतुकडं.
बाबा कागद खिशात घालून त्याच्यासमोर उभे राहिले.
ते फुरफुरलं. बाबा दोन पावलं मागे.
"वळखलान नाय तुला," चाचा म्हणाले.

मी त्या पोराला विचारलं होतं, माझी नळी?
"तुमच्यात ते नसतं," म्हणाला, जरा ओशाळून.
कुलवृत्तांतात बघितलं, पान एकशे बारा:
त्र्यंबक, त्याखाली बाबा, त्याखाली मी,
आणि माझ्याखाली कोरा कागद, कसर लागलेला.
एवढा गवत तुडवत आलेला बाण
आमच्या पडवीत येऊन सुपारी सोलत बसलाय.

त्यांना इथे पेज कोणी वाढली,
तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मुसऱ्या खायला कोणी शिकवलं,
तिला नकाशात बाण नाही.
ती कुठून आलीच नव्हती.

रात्री बाबा अंधारात विचारतात,
"पहिला जो घाट उतरला ना गं,
त्याने एवढं पाणी बघून ओंजळ भरली असेल?"
भरली असेल, मी म्हणते.
आणि थुंकला असेल.