जास्तीचे शब्द

मत्र्याच्या धक्क्यामागे, दुसऱ्या मजल्यावर,
एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत
मी एक्याऐंशी साली टेलेक्सवर बसलो.
पिवळी कागदी पट्टी, बोटभर रुंद.
एका अक्षराला पाच जागा, कुठे छिद्र, कुठे कोरं.
सहा महिन्यांत ती अंगठ्यानं वाचू लागलो,
न बघता,
तांदळातले खडे हाताला कळतात तशी.

मिनिटाला पैसे पडत.
'कृपया' काढा, साहेब म्हणायचे. 'आपला' काढा.
सिमेंटच्या गोणी किती, जहाज कधी, बस्स.
मी काढत गेलो.
गुहागरला पत्रं जायची तीही तशीच :
पैसे पाठवले. तब्येत बरी. कौलं बदला.
इंदूनं एकदा उलट लिहिलं,
पत्र मिळालं, माणूस मिळाला नाही.

एकोणनव्वदच्या रमजानात, भर दुपारी,
मुंबईच्या शाखेकडून, खजुराच्या भावाखाली,
एक ओळ आली :
परचुरेंना कळवा, आई काल वारली.
घंटी वाजली.
आणि मी, परचुरे,
सवयीनं टंकलं : मिळाले. पुढचे पाठवा.

पुढचं आलं.

मग फॅक्स आला, माझं मशीन गोदामात गेलं.
मग ई-मेल. मग मला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणू लागले,
म्हणजे स्कॅनरचं झाकण उघडायचं, मिटायचं.
गेल्या वर्षी जुन्या फायली आल्या.
सगळे खोके मी स्वतः उघडले.
एकोणनव्वदचा वाळवीनं खाल्लेला.

आता रशीद बलुशीनं, माझ्या जागी आलेल्या पोरानं,
फोनमध्ये तिकीट घालून दिलंय,
काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन.
अंगठा फिरवून पाहिला. काच.
शेवटी छापून घेतलं. दोन प्रती.

लेक रोज व्हिडिओवर येते, फुकट, हवं तितका वेळ.
"बाबा, बोला ना काहीतरी."
तिच्या खांद्यामागून इंदूचा चष्मा डोकावतो.
मी म्हणतो, गुरुवारी पोचतो.
त्या दोघी थांबून राहतात.
फोनही थांबून राहतो, त्याला कसली घाई नाही.
तेव्हा घसा खाकरून
म्हटलं,
इंदू, दर खेपेला खजूरच आणला मी.
तुला आवडतो का गं खजूर?

रशीदला मराठी येत नाही.
पण त्यानं उठून पंखा बंद केला,
मला नीट ऐकू यावं म्हणून.