टेटा

प्रात्यक्षिकाच्या दिवशी शितोळेमामा
कमाटीबागेतून पिशवीभर वडाची फळं आणतात.
पोरं म्हणतात, मॅडम, टेटा!
लाल बाजूला सारून मी एक हिरवं निवडते,
ब्लेडनं मधोमध चिरते.

हे फळ नाही अजून. आत तोंड करून बसलेली
फुलांची दाटी आहे. पाकळ्यांचा, वासाचा खर्च
कुणाला दाखवायला करायचा?
दार एकच, सुईच्या टोकाएवढं.
त्यातून केंबरू शिरतं, चिलटाहून लहान, मादी.
पंख दारातच मोडतात.
अंगावरचे पराग काही फुलांना, अंडी काही फुलांत.
परत येत नाही.

आठेक कोटी वर्षांचा व्यवहार,
कागद कुठेच नाही.

‘आणि नर?’ मागून धैवत पारेख.
नराला पंख येतच नाहीत.
तो मुलींसाठी भिंत पोखरतो आणि आतच मरतो.
बाकांवर खसखस पिकते.
उभा छेद काढा, मी म्हणते, नावं द्या.

साताऱ्याहून आले तेव्हा बाविशीत होते.
रावपुऱ्यातल्या घराचा उंबरठा
अस्सल उंबराचा, असं सासरे सांगत.
माप लवंडलं, आत आले.
वर्षा-दोन वर्षांनी माहेरी गेले की आई दारातच,
‘आलं बाई उंबराचं फूल!’

फूल असतं, आई. शेकड्यानं असतात.
हे तिला सांगायचं राहिलं.

मामा उरलेली लाल फळं खिडकीत मांडतात.
तांबट केव्हाचा
टुक टुक करतोय.