टोकन नंबर सहा

सीताबर्डीच्या तीन मजली दुकानात
दुसऱ्या मजल्यावर, लेडीज सेक्शनच्या टोकाला
मी उभी असते. बसायचं नाही, असा नियम आहे.
छातीवरच्या बिल्ल्यावर छापलंय : मी आपली काय मदत करू?
खरं काम मोजायचं.
आत जाताना किती, बाहेर येताना किती.
सहाच्या वर नग आत नेता येत नाहीत.

मे महिन्यात गर्दी वेगळी.
बाहेर सेहेचाळीस, आत चोवीस.
माणसं टॉवेलांना हात लावत लावत गार होतात,
डोक्याचा दुपट्टा पुन्हा बांधतात आणि उन्हात जातात.
त्यांना टोकन लागत नाही.

ती मात्र टोकन घ्यायची.
दर बुधवारी, माझा डबा खाऊन झाला की,
सहा अनारकली हातावर, सगळ्या महागातल्या,
आणि आत पंचवीस मिनिटं.
बाहेर यायच्या तेव्हा सहाच्या सहा,
हँगरवर आम्ही लावतो त्याहून नीट.
"काही पसंत पडलं का, मॅडम?"
"पाहून राह्यली ना बाई. पाहू द्या."

सोमकुवर सर म्हणाले, हिच्यावर लक्ष ठेव.
मी ठेवलं.
टॅग मोजले, बटणं मोजली,
एकदा तर लटकनाचे मणीसुद्धा.
कमी काहीच नाही.
पण पडद्याखालून दिसायचे ते पाय
एका जागी, चप्पल न काढलेले.
कपडे बदलणाऱ्या बाईचे पाय असे नसतात,
ते एकावर येतात, तोल सावरतात, सलवारीत अडकतात.
हे पाय ड्युटीवर होते.

एका बुधवारी ती गेल्यावर
आरशाखाली खडूची भुकटी दिसली
आणि लग्नपत्रिकेचा फाडलेला तुकडा,
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं :
खांदा साडेचौदा. गळा पुढून सात, मागून पान.
कळ्या सोळा. घेर
आणि पुढे प्रश्नचिन्ह.

चिठ्ठी सरांना द्यायला हवी होती.
मी अल्टरेशनच्या गोकुळभाऊंकडून टेप मागितला,
म्हटलं, पडद्याचं माप घ्यायचंय.
ती मोतिया रंगाची अनारकली जमिनीवर पसरली
आणि तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरले.
दुकानात तेवढीच एकदा बसले असेन.
एकशे वीस इंच.
प्रश्नचिन्ह खोडून लिहिलं.

पुढच्या बुधवारी टोकनाखाली चिठ्ठी दिली.
तिनं वाचली. माझ्याकडं नाही, बिल्ल्याकडं पाहिलं.
त्या दिवशी चार मिनिटांत बाहेर आली.

चंद्रकला धकाते. गोळीबार चौकाच्या आत, तिसरी गल्ली.
सासऱ्याच्या हातमागाचा खड्डा फळ्या टाकून बुजवलाय,
वर दोन शिलाई मशिनी.
मशीन चालली की फळ्या खालून पोकळ वाजतात.
शिलाई साडेतीनशे, अस्तर आपलं.
आमच्याकडं तोच गळा चोवीसशे नव्व्याण्णवला,
आणि काखेतली शिवण दुसऱ्या धुण्यात उसवते,
हे मला माहीत आहे, कारण परत आणणाऱ्या बायकांना
"पंधरा दिवस होऊन गेले, मॅडम" हे मीच सांगते.

दिवाळीच्या आधी मी कापड घेऊन गेले.
तिनं मापं घेतलीच नाहीत.
"तुम्ही माह्यावर नजर ठेवून राह्यल्या होत्या,
तेव्हा मी का डोळे मिटून होती?"

धनतेरसला स्टाफला घरचे कपडे घालायची मुभा असते.
सर म्हणाले, वा, आपलाच पीस ना? डिस्काउंट मिळाला?
म्हटलं, हो सर. बराच.
तेवढ्यात एका बाईनं माझी बाही चिमटीत धरली,
शिवण उलटून पाहिली,
"यात मरून आहे का हो? डबल एक्सेल?"
सर पाच पावलांवर, फुगे मोजत होते.
मी बिल्ला सरळ केला.
आवाज खाली आणून पत्ता सांगितला.