तिसरी बरणी

खिडकीत तीन बरण्या आहेत.
लोणच्याच्याच, आग्राफेना आत्याकडून मागून आणलेल्या,
केंद्राचं अनुदान उन्हाळ्याआधीच संपतं.
पहिलीत पेइपुस तळ्याचं पाणी आणि आजची हवा.
दुसरीत तेच पाणी, नळीतून बुडबुडे
माझ्या नातवंडांच्या हवेचे.
(मला मूल नाही. हवा मात्र तयार आहे.)
तिसरीत ती हवा, शिवाय चिमूटभर
बाबांच्या गोणीतलं खत.

मी शेवाळ मोजते.
इथे लोक कांदे मोजतात, वेण्यांनी,
नाहीतर मार्चच्या बर्फाला भोक पाडून मासे.
मी काचेवरच्या चौकटीतले एकपेशी जीव:
कुळी, आकार, जिवंत की मेलेला.
डोळा दुखला की बाहेर बघते.
एका रस्त्याचं गाव, घरांपुढे तळं,
घरांमागे उंच वाफे,
आणि मध्ये कुठेतरी आमची तीनशे वर्षं.

दुसरी बरणी आठवड्यात हिरवीगार झाली.
हेल्वेबाई म्हणाल्या, बघ, कसं बाळसं धरलंय!
मग आम्ही तिच्यात पाणपिसवा सोडल्या,
टाचणीच्या डोक्याएवढ्या, आरपार दिसणाऱ्या.
त्यांचं जेवण लपत नाही,
आतड्याचा हिरवा दोरा बाहेरून दिसतो.
त्या खात राहिल्या. दोरा भरलेलाच.
पाठीवरच्या पिशवीत अंडी मात्र
चार, मग दोन,
मग मी वहीत रेघ मारली.

कर्ब वाढला की शेवाळ फुगतं,
फॉस्फरस तेवढाच, तो पातळ पातळ वाटला जातो.
हे मी आत्याला समजावत होते, ती मध्येच म्हणाली,
लढाईनंतरच्या हिवाळ्यात आई
पावाच्या कणकेत लाकडाचा भुसा मळायची.
पोट टम्म, आणि जिना चढता यायचा नाही.
एवढं बोलून ती बटाटे सोलायला बसली.
माझं तीन पानी टिपण तिथेच संपलं.

तिसरीत उपासमार नव्हती.
चौथ्या दिवशी वर साय धरली,
निळसर, जुन्या नावेचा रंग सुटावा तशी.
त्या जातीच्या पोटात हवेचे फुगे असतात,
ती वर तरंगते, सगळं ऊन स्वतः घेते,
खालच्यांना अंधार देते.
पहाटे पिसवा तळाशी होत्या.
मोजायचं काम सोपं झालं.

संध्याकाळी बाबा डबा द्यायला आले.
त्यांचे वडील घोडागाडीनं तळ्याचा गाळ
वाफ्यांवर आणून टाकायचे. तेव्हा तळं शेतात यायचं.
आता शेत तळ्यात जातं.
एकट्या बाबांचं नाही, हे मलाही कळतं:
वरच्या अंगाला डुकरांचे गोठे आहेत, शहराची गटारं आहेत,
पाण्याच्या मधोमध सरहद्द आहे, तिच्यापलीकडे आणखी शेतं,
आणि शेवाळाकडे कुणी कागद मागत नाही.

त्यांनी तिसऱ्या बरणीचं झाकण काढलं. वास घेतला.
ऑगस्टात आपल्या धक्क्यावर येतो तोच, म्हणाले.
मग, किती घातलंस, उस्तीन्या?
चिमूटभर.
त्यांनी चिमूट करून पाहिली, अंगठा आणि दोन बोटं.
आमच्यात क्रूस दोन बोटांनी करतात.
तीन बोटं जुळवायला नको म्हणून
आमची माणसं घरंदारं सोडून
या काठावर पळत आली होती.
बाबांनी हात पटकन कोटाच्या खिशात घातला.

सकाळी मी घरी गेले.
गोणी पडवीत होती, तोंड सुतळीनं आवळलेलं,
गाठ जुनी की नवी, ते ओळखता आलं नाही.
बाबा वाफ्यांत वाकलेले.
दोन ओळींत पात पिवळी पडायला लागली होती,
आणि ते तिच्याकडे
माझ्यासारखेच, एक डोळा मिटून बघत होते.