किती पुरे?

हडर्सफील्डला, कालव्याकाठच्या जुन्या गिरणीच्या तळघरात
आमची जिम.
भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत मागांच्या वेळच्या,
आता त्यांना रबराचे पट्टे लोंबतात.
मी आले हाडांच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवरून.
त्या इंग्रजीत काय म्हणाल्या ते विसरले,
मला ऐकू आलं ते असं : हाडं विरत चाललीत.
वजन उचला.
किती, ते चिठ्ठीत नव्हतं.

क्लिफ्टन एकाहत्तरचा, मूळ ग्रेनाडाचा.
एक सेट करतो. एकच.
बार खांद्यावर घेण्याआधी टोपी काढून बाकावर ठेवतो,
समोर कुणी वडीलधारं बसल्यासारखी.
सहा वेळा खाली, सहा वेळा वर,
आणि सहावी इतकी सावकाश येते
की मी बाटलीचं झाकण फिरवायची थांबते.
मग टोपी. मग घर.
"बेल एकदाच वाजवावी," म्हणतो, "पण नीट दाबून."
एक घाव, दोन तुकडे.

हारून विद्यापीठात हेच शिकतो.
आठवड्याला छातीचे वीस सेट, पायांचे बावीस,
वहीत रकाने, रकान्यांच्या पोटात रकाने.
त्याचं म्हणणं, ताकद थोडक्यात येते, जड उचला, घरी जा.
मांस मात्र हट्टी, त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.
दहाव्यांदा सांगितलेलं ते पहिल्याइतकं ऐकत नाही,
पण थोडं ऐकतं.
त्या थोड्यासाठी तो सव्वादोन तास थांबतो.

"पीठ तेवढंच, मळतोस किती?"
"अंकल, तुमचे दंड वीस वर्षं तेवढेच आहेत."
"तेवढेच आहेत ना? मग!"

मी दोघांचं ऐकलं.
बारा आठवडे क्लिफ्टनचे : डेडलिफ्ट चाळीसची साठ किलो,
शिवणाच्या डब्यातला टेप दंडावर जिथल्या तिथे.
बारा आठवडे हारूनचे : साठची पासष्ट,
ब्लाऊजची बाही काचायला लागली,
आणि जिना उतरताना कठडा धरून आई गं.
आता यात पहिल्यांचं उसनं किती, दुसऱ्यांची कमाई किती,
कोण निवडणार?

मधेच अण्णा आठवतात.
इचलकरंजीला, साध्या मागावर,
पाळीभर तोच उजवा हात : दांडा ओढ, धोटा बदल, दांडा ओढ.
उजवं मनगट डाव्याहून जाड,
शर्टाचं माप घेताना शिंपी दोनदा बघायचा.
कारखान्याच्या वहीत मीटर होते, कापडातले दोष होते,
हाताचा आकडा नव्हता.
हारूनला सांगितलं तर त्याने गंभीरपणे विचारलं,
"आणि रिकव्हरी?"
म्हटलं, गुरुवार. वीज नसायची.

डिसेंबरात क्लिफ्टनचा वाढदिवस, तळघरातच केक.
बायको युडोरा व्हीलचेअरवरून आली, लिफ्टने.
निघताना लिफ्ट बंद.
चौदा पायऱ्या, दगडी, मधोमध झिजून खोलगट.
क्लिफ्टनने टोपी काढली, युडोराच्या मांडीवर ठेवली
आणि मागची मूठ धरली.
खालून उजवीकडे हारून, डावीकडे मी.
"तीन-तीन पायऱ्यांनी टेकवू," हारून.
"एका दमात," क्लिफ्टन.
"भांडा सावकाश," युडोरा म्हणाली, "मला घाई नाही.
फक्त माझं वजन कुणी वहीत लिहायचं नाही."

पाचवीला टेकवली. अकरावीला पुन्हा.
थांबा कोण म्हणालं, ते कुणी विचारलं नाही.
वर गेलो तर कालव्यावर धुकं,
आणि क्लिफ्टन टोपी परत मागायची विसरलेला.

दुसऱ्या दिवशी मला दुखलं ते दोन बरगड्यांच्या मधे,
भिंतीवरच्या तक्त्यात त्या जागेला नाव नाही.
वहीत तारीख घातली.
सेटच्या रकान्यात आधी एक लिहिला. खोडला.
तीन लिहिले.
वजनाचा रकाना कोरा ठेवला.